कोकणातून इंग्रजी शिकवायला परदेशी जायचंय? आधी देश ठरवा, मग कोर्सचे पैसे भरा

कोकणातल्या माणसाला बाहेरगावच्या नोकरीचं नवल नाही. मुंबईतला चाकरमानी झाला, कुवेत-मस्कतचे लोक झाले, बोटीवरचे झाले. पण 'इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला चाललोय' असं कुणी सांगितलं की वाडीतली माणसं अजूनही दोनदा विचारतात. इंग्रजी इंग्रजांची, ती आपल्याकडून कोण शिकणार? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. व्हिसा देणारी सरकारंही तोच विचारतात आणि काही देशांनी त्याचं उत्तर नियमातच 'नाही' असं लिहून ठेवलंय.

म्हणून इथला क्रम जाहिरातींच्या उलट आहे. बहुतेक जण मोबाइलवर 'घरबसल्या टेफल करा, जगभर शिकवा' असं वाचून आधी हा परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स घेतात, प्रमाणपत्र हातात आलं की नोकऱ्या शोधायला बसतात आणि तेव्हा कळतं की ज्या देशाचं स्वप्न बघितलं तिथे आपला पासपोर्टच चालत नाही. कोर्सवाला हे सांगत नाही, कारण त्याचा धंदा प्रमाणपत्र दिलं की संपतो.

पासपोर्ट कुठे चालतो ते आधी बघा

दक्षिण कोरियाचा ई-२ हा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे इंग्रजीची पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता असलेल्या भारतीयाला शाळेत सहायक शिक्षक म्हणून जायची वाट ठेवलेली आहे. वाट आहे, पण अरुंद. नुसतं बी.कॉम. आणि ऑनलाइन टेफल घेऊन तिच्यावर पाऊल टाकता येत नाही. चीनमध्येही इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठी सामान्यतः इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात. 'चीनला चला, कागदपत्रं आम्ही बघतो' असं कुणी म्हणालं तर कुठली कागदपत्रं, कशी बघणार, हे लेखी मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

जपानचा नियम कोकणातल्या पोरांनी नीट वाचावा असा आहे. तिथल्या शाळांत शिकवण्यासाठी जो इन्स्ट्रक्टर व्हिसा लागतो, त्यासाठी जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दहावी केली आणि अकरावीपासून इंग्रजीतून शिकलात, तर बी.ए., एम.ए. धरूनही वर्षं पुरत नाहीत. इंग्रजी कितीही चांगलं असो. खासगी भाषावर्गांसाठीचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा आहे, त्याला पदवीवर भागतं. तेव्हा जपानच हवं असेल तर नोकरी शाळेतली आहे की भाषावर्गातली, हे अर्ज करण्याआधीच विचारायचं.

मग उरतं काय? बरंच. थायलंड आणि व्हिएतनाम इथे पदवी असलेल्या भारतीयाला कायदेशीर परवाना मिळू शकतो. व्हिएतनामला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागते. थायलंडला नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट असतं, शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी किंवा तात्पुरती सूट लागते आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून शाळा टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात. टोइकमध्ये ६०० हा आकडा तुम्हाला जाहिरातींत वारंवार दिसेल. दोन्ही देशांत 'फक्त नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, अशा जाहिराती भरपूर आहेत. वाईट वाटून घेऊ नका, पुढची जाहिरात वाचा. त्याच कामाला भारतीयाला गोऱ्या माणसापेक्षा कमी पगार देऊ करणारेही भेटतील. हे अन्यायाचं आहे, पण ते गृहीत धरूनच पगाराचं बोलणं करावं लागतं.

बी.एड. झालेलं असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: आधी आखात आणि मालदीव बघा. ओमान, कुवेत, कतार, बहरीन, सौदी, एमिराती या सगळीकडे सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत आणि तिथे तुमचा पासपोर्ट अडचण नसून पात्रता आहे. तिथलं काम शुद्ध 'परकी भाषा म्हणून इंग्रजी' असं नसतं, वर्गातली बरीच मुलं आपलीच असतात, पण पगार वेळेवर आणि कागद स्वच्छ असण्याची शक्यता जास्त. ओमानच्या कॉलेजांत पदवीआधीचा एक पायाभरणी वर्ग असतो, तिथे अरब मुलांना खरंखुरं परक्या भाषेचं इंग्रजी शिकवायला मिळतं. मात्र तिथे सहसा एम.ए. आणि अनुभव मागतात. मालदीवच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भारतीय शिक्षक तिथे कित्येक वर्षं जात आलेत. माड, मासळी आणि बोटीने शाळेत जाणं, मालवणच्या माणसाला त्यात नवीन फार काही नाही. फक्त बेट राजधानीपासून किती लांब आहे ते आधी नकाशावर बघा.

युरोपबद्दल दोन वाक्यं पुरे. तिथल्या भाषाशाळांना युरोपीय संघातली माणसं विनापरवाना मिळतात, त्यामुळे तुमच्यासाठी व्हिसाची खटपट करणारी शाळा विरळा. तिथे शिकायला गेलात तर वेगळी गोष्ट.

आता कोर्स

टेफल आणि टेसोल ही कामाच्या प्रकाराची नावं आहेत, एखाद्या सरकारी परीक्षेची नाहीत. त्यांच्यावर जगात कुठली एकच संस्था लक्ष ठेवून नाही, त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' हे शब्द कुणीही छापू शकतो. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स हा सगळीकडे किमान म्हणून धरला जातो. काही हजारांत होतो, परवान्याच्या फाइलमध्ये एक कागद वाढतो. त्याने शिकवता येतं असं मात्र समजू नका.

शिकवता येण्यासाठी दोन नावं घ्यावीत: केंब्रिजचं सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटीचं सर्ट-टेसोल. सेल्टा १२० तासांचा, ट्रिनिटीचा किमान १३० तासांचा. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. सेल्टात शिवाय चार लेखी स्वाध्याय असतात आणि प्रवेशाआधी मुलाखत होते. त्या मुलाखतीत व्याकरणाचं एखादं कोडं घालतात, 'आय वेन्ट' आणि 'आय हॅव्ह गॉन' यातला फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल, अशा जातीचं. २०२० पासून सेल्टा पूर्ण ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे सावंतवाडीत बसून जमतो. खर्च लाखाच्या पुढे जातो.

मग करावा का? देश थायलंड किंवा व्हिएतनाम, आणि बी.एड. नाही, असं असेल तर पैसे जमवून करावा. आपला पासपोर्ट बघून मागे ठेवला जाणारा अर्ज सेल्टामुळे पुन्हा वर येतो, हा त्याचा खरा उपयोग. आखातातल्या भारतीय शाळेसाठी मात्र लाख रुपये घालवू नका, तिथे बी.एड.च बघतात.

आयेल्ट्सचे गुण दोन वर्षं ग्राह्य धरतात आणि फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. म्हणून ती परीक्षा सगळ्यात शेवटी, अर्ज पाठवायच्या तोंडावर द्यावी. उत्साहात आधी देऊन ठेवणाऱ्यांची मुदत कागदपत्रांतच सरते.

अनुभव इथेच मिळतो

'अनुभव नाही म्हणून नोकरी नाही' हे रडगाणं कोकणात तरी चालणार नाही. दापोलीपासून मालवणपर्यंत मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी मुलं आहेत आणि त्यांना मुलाखतीसाठी, मार्लिन्ससारख्या खलाशांच्या इंग्रजी चाचणीसाठी बोलतं इंग्रजी हवं असतं. तारकर्लीला, गणपतीपुळ्याला हॉटेलांत काम करणारी पोरं आहेत. प्रौढ, गरज असलेला आणि तुमच्याशी बोलायला न लाजणारा विद्यार्थी म्हणजे परदेशी वर्गाची उत्तम तालीम. अशा सहा-आठ जणांचा संध्याकाळचा वर्ग घ्या. फी कमी घ्या, पण पावती द्या, हजेरी ठेवा आणि ज्या संस्थेच्या जागेत वर्ग घेतला तिच्याकडून लेटरहेडवर तारखांसकट पत्र घ्या. 'शिकवण्या घेतल्या' या दोन शब्दांना परदेशी संस्थेच्या लेखी किंमत नाही, त्या पत्राला आहे.

जून-जुलैत वर्ग भरेल अशी आशा ठेवू नका, लावणीच्या दिवसांत कोण येणार? नोव्हेंबर ते मे हा हंगाम धरा.

एक नियम स्वतःला घालून घ्या: वर्गात मराठी नाही. सुरुवातीला अवघड जातं, मुलंही कुरकुरतात. पण हनोईतल्या वर्गात तुमचं मराठी कुणाला कळणार नाही आणि त्यांचं व्हिएतनामी तुम्हाला. हातवारे, चित्रं, फळ्यावरची रेघ यांच्यावर अर्थ पोचवायची सवय इथेच लागली पाहिजे. त्याच वर्गाचं दहा मिनिटांचं स्वच्छ चित्रण मोबाइलवर करून ठेवा. सोबत मुलं असतील तर पालकांची परवानगी घेऊन.

उच्चारावरही याच काळात काम करा. आपल्याला ब्रिटिश हेल काढायची गरज नाही, तो खोटाच वाटतो. पण बनियन आणि पश्चिम दिशा, दोन्हींना आपण एकच 'वेस्ट' म्हणतो. एकाला खालचा ओठ दाताला टेकतो, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर करून बघा. तसंच शब्दातल्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते, आणि 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' सारखी आपली घरगुती वाक्यं. मुलाखत घेणारा याच गोष्टी टिपतो.

डेमो

मुलाखतीत जवळपास नेहमी एक डेमो, म्हणजे नमुन्याचा तास, मागतात, बहुधा व्हिडिओ कॉलवर, दहा-पंधरा मिनिटांचा. इथे आपली माणसं हमखास घसरतात, आणि इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे तर शाळेत जसं शिकलो तसंच शिकवतो म्हणून. समजा, विषय दिलाय आठ वर्षांच्या मुलांना 'कॅन' आणि 'कान्ट'. आपला उमेदवार 'कॅन हे सहायक क्रियापद आहे, ते क्षमता दाखवतं' इथून सुरू करतो, व्याख्या लिहितो, मग 'रिपीट आफ्टर मी'. आठ मिनिटं झाली, मुलांनी स्वतःचं एकही वाक्य बोललेलं नाही.

असं करून बघा. पहिलं मिनिट काही सांगायचं नाही. माशाचं चित्र दाखवा, हाताने पोहल्यासारखं करा, 'अ फिश कॅन स्विम'. पक्ष्याचं चित्र, हात पसरा, 'अ बर्ड कॅन फ्लाय'. मग माशाचंच चित्र उडवत न्या, मान हलवा, 'अ फिश कान्ट फ्लाय'. मुलं हसली की अर्थ पोचला. आता तपासा: 'कॅन अ डॉग फ्लाय?' सगळे ओरडतात, नो! 'कॅन यू स्विम?' इथे उत्तरं वेगवेगळी येतात आणि हीच गंमत आहे, कारण आता मूल स्वतःबद्दल बोलतंय. 'डू यू अंडरस्टँड?' असं मात्र एकदाही विचारू नका. त्याचं उत्तर जगातलं प्रत्येक मूल 'येस' असंच देतं. शेवटची पाच मिनिटं जोड्या लावून एकमेकांना विचारायला लावा आणि तुम्ही गप्प बसा. ते गप्प बसणं मुलाखत घेणाऱ्याला दिसलं पाहिजे.

डेमो पावसाळ्यात आला तर लाइटची सोय आधी बघा. वाऱ्याची एक झुळूक आली की गावात लाइट जाते आणि मागोमाग टॉवर. तालुक्याच्या गावी इन्व्हर्टर असलेल्या ओळखीच्या ऑफिसात बसा आणि मोबाइलचं दुसरं नेट हाताशी ठेवा. वेळ ठरवताना घड्याळही बघा: हनोई आणि बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे, दुबई-मस्कत दीड तास मागे.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

नोकरी मिळण्याआधीच हे सुरू करा. पदवीचं मूळ प्रमाणपत्र काढून ठेवलंय का? नुसत्या गुणपत्रिकांवर वर्षानुवर्षं नोकऱ्या केलेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, तेव्हा पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा) तिथूनच.

मग नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं आणि कधीकधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. लग्न झालेल्या बाईचं तर दहावी एका नावावर, बी.एड. दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. इथल्या बाबूला हे सवयीचं आहे, बँकॉकच्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. नावबदलाचं गॅझेट, विवाह प्रमाणपत्र, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद फाइलला जोडून ठेवा. अर्जात नाव नेहमी पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता.

पुढे साक्षांकन. शिक्षणाच्या कागदावर आधी राज्य सरकारचा, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणजे एकमेकांचे कागद एका शिक्क्यावर मान्य करणाऱ्या देशांच्या करारात. जो देश त्या करारात आहे त्याला मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदीही त्यात आहेत. एमिराती, कुवेत, कतार यांच्यासाठी मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, म्हणजे वेळ आणि पैसे दोन्ही जास्त. तुमचा देश कुठल्या यादीत आहे ते कागद पाठवायच्या दिवशी तपासा, यादी वाढत असते. अपोस्टिलची सरकारी फी दर कागदाला फक्त ५० रुपये आहे. वरचं सगळं एजन्सीचं सेवाशुल्क, म्हणून दोन ठिकाणी विचारा. मुंबईचं काम असेल तर तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचं, पण मूळ कागद पिशवीत, कुणाच्या हाती देऊन नव्हे.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून काढायचा, फी ५०० रुपये. २०२२ पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही ही सोय आहे. फार आधी काढू नका, बरेच देश ताजा दाखला मागतात.

अर्ज कधी करायचे

आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून भरती डिसेंबर ते मार्च. तिथल्या ब्रिटिश-अमेरिकन शाळांचं वर्ष ऑगस्टअखेर-सप्टेंबरला. थायलंडचं शालेय वर्ष मेमध्ये, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुमारास. व्हिएतनामच्या शाळा सप्टेंबरमध्ये, भाषाकेंद्रं मात्र वर्षभर माणसं घेतात, टेटचे म्हणजे त्यांच्या नववर्षाचे दिवस सोडून. जाता जाता सांगतो: गणपतीला घरी येण्याची अट घालून बसू नका. सत्राच्या ऐन सुरुवातीला कुठलीच शाळा रजा देत नाही.

अर्जाचं पत्र अर्ध्या पानाचं. कुठल्या वयाला, किती जणांना, काय शिकवलंत, आणि चित्रणाचा दुवा. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' वगैरे शाळेतला मायना गाळा.

एजंट आणि करार

१९८३ च्या उत्प्रवास (म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ईमायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. 'आमचा माणूस तिकडे आहे' म्हणत दीड-दोन लाख मागणारा गावातलाच असला, लग्नाकार्याला भेटणारा असला, तरी त्याचं नाव यादीत शोधा. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणीची अट नसते, त्यामुळे शिक्षकाला विमानतळावर कुणी अडवत नाही. याचा अर्थ चूक झाली तर आधी लक्षात आणून देणाराही कुणी नसतो.

थायलंडच्या बाबतीत जास्त सावध. तिथल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारच्या हद्दीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडले आणि २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल इशारा दिला होता. शाळा खरी असेल तर तिचा पत्ता, मुख्याध्यापक, आणि सध्या तिथे शिकवणारा एखादा परदेशी शिक्षक बोलायला मिळतो. डेमो न घेता, कागद न मागता कुणी थेट तिकीट पाठवत असेल, तर ते शिक्षकाचं काम नाही.

करारात पगाराच्या आकड्याआधी तास वाचा. आठवड्याला प्रत्यक्ष शिकवायचे तास किती आणि शाळेत नुसतं बसायचे किती, हे दोन वेगळे आकडे असायला हवेत. वर्क परमिटचा खर्च कोण करणार, सुटीच्या महिन्यांत पगार आहे का, राहायची सोय की भत्ता, मध्येच सोडलं तर काय कापणार, हे सगळं लेखी. एमिरातीत भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा 'व्हिसाचे पैसे पगारातून कापू' हे वाक्य दिसलं तर सही करू नका.

निघताना सगळ्या कागदांच्या प्रती घरी आणि मेलवर, परतीच्या तिकिटाइतके पैसे वेगळ्या खात्यात. पोचल्यावर पासपोर्ट शाळेकडे ठेवायला मागतील, व्हिसाच्या कामापुरता द्या आणि परत घ्या. पहिला महिना सबबी येतील: परमिट येतंय, तोवर टुरिस्ट व्हिसावर शिकवा, मुदत संपली की सीमेपलीकडे जाऊन पुन्हा या. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे आणि पकडलं गेल्यावर दंड व हकालपट्टी तुमच्या नावावर येते, शाळेच्या नाही. परमिटच्या अर्जाची पोच दाखवायला सांगा. ती नसेल तर वर्ग घेऊ नका, आणि पगार किंवा पासपोर्ट अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेऊन भारतीय दूतावास गाठा.